राणी आडवी होती

दानम्माबद्दल लिहायला मी काही योग्य माणूस नव्हे. कित्येक वर्षं तिच्याकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली, पण तिचं माहेर दुधनीचं, एवढंसुद्धा मला नाटकाच्या वेळीच कळलं.

नवी पेठेच्या तोंडाशी ती टोपली घेऊन बसायची. तिची मुलगी सिद्धेश्वरी कॉलेजच्या नाटकात होती. जुनी शोकांतिका, राजाच्या संशयापायी राणी विष घेते. ती राणी म्हणजे सिद्धेश्वरी. दुधनीच्या मामाला, शिवशरणला, हे कळलं तसा त्याने फोन केला. लग्नाच्या पोरीनं चारचौघांत मरून दाखवायचं नाही, अपशकुन असतो, नाटक बंद.

"आदी मी बगते," दानम्मा भावाला म्हणाली. "मला सोसलं न्हाय तर बंद."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, रविवारी चला की संगं. टाळ्या कुटं वाजवायच्या मला ठावं न्हाय."

मलाही फारसं ठाऊक नव्हतं. नाही म्हणता आलं नाही, म्हणून गेलो.

दुपारचा प्रयोग होता. ठेवणीतली इरकल नेसून ती दुसऱ्या रांगेत ऐसपैस बसली.

"ह्या राजाला कामधंदा न्हाय काय?" पहिल्याच अंकात तिने मोठ्याने विचारलं.

"ओ मावशी, गप बसा की!" मागून कोणीतरी म्हणालं.

"गपच हाय. राणी माजी लेक हाय, म्हणून इचारलं."

मी खुर्चीत आणखी खाली सरकलो.

शेवटच्या अंकात राणीने पेला ओठाला लावला. दानम्माने माझं मनगट धरलं. भाकऱ्या थापून घट्ट झालेला हात तो. सिद्धेश्वरी डगमगली, पायरीवरून कोसळली आणि निपचित पडली. दासींनी तिच्यावर पांढरं वस्त्र घातलं. सभागृहात कोणी खोकतही नव्हतं. दानम्मा खुर्चीतून अर्धी उठली. मला वाटलं, आता ही ओरडणार आणि पोरीचं नाटक आजच सुटणार.

ती तशीच वाकून रंगमंचाकडे बघत राहिली. मग सावकाश खाली बसली आणि माझं मनगट सोडलं.

"आडवी हाय," ती माझ्या कानाशी म्हणाली.

"कोण?"

"सिद्धू. आमच्यात गेलेल्याला आडवं निजवत न्हाईत, काका. बसवत्यात. मांडी घालून, इभूती लावून. ही आडवी हाय, म्हंजे निजलीया."

रडत होतो तो मीच. तिने पदराचं टोक माझ्यापुढे केलं.

"पुसा की. लोक बगत्यात."

बाहेर येताच तिने भावाला फोन लावला. बरंचसं कानडीत बोलली. शेवटचं मराठीत, बहुधा मला कळावं म्हणून. "बंद-बिंद काय न्हाय. लई झ्याक मरती माजी लेक. करू दे तिला."

सिद्धेश्वरी अजून नाटकं करते.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला दानम्मा अचानक गेली. घरासमोर तिला मांडी घालून बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर तीच इरकल. आईच्या गुडघ्यावर हात ठेवून सिद्धेश्वरी शेजारी बसली होती. मी लांबच उभा राहिलो.

त्याआधी दोनच दिवस मी तिच्याकडे शेवटचा गेलो होतो.

"चटणी जरा तिखट झालीया, काका. दह्यासंगं खावा."

"बरं. मऊ भाकरी आहे का?"

"संपली की. उद्या लवकर या."

"येतो," मी म्हणालो.