राजधानीच्या रस्त्याचं वळण

झोप लागता लागता मला अजून ते शहर दिसतं, एकही घर नसलेलं. काळ्या रानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा, वर हिवाळ्यातलं निवांत ऊन, आणि रेघांमधून एखादी म्हैस आरामात चाललेली, पुढच्या चौकात तिची कुणी वाट बघत असल्यासारखी. आता तिथं मजल्यावर मजले चढलेत, कोचिंग क्लासच्या पाट्या लागल्यात, चौकात गाड्या अडतात. तरी मला आधी रेघाच दिसतात. त्या काढण्यात माझाच हात होता.

विभागाचं मुख्यालय नांदेडला व्हावं की लातूरला, यावर आमच्याकडं इतकी वर्षं भांडण चाललं की सोयरीक जुळवायला बसलेली माणसंही तो विषय टाळायची. शेवटी दोघांनाही न देता मधल्या शिवारात नवंच शहर वसवायचं ठरलं आणि दोन्हीकडचे सारखेच रुसले. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं. लोक नुसतं राजधानी म्हणायचे, तेही हसून.

मी नांदेडची. नगररचनेच्या ऑफिसात आरेखक म्हणून नुकतीच लागले होते. अब्बांचं शिलाईचं दुकान, त्यामुळं खडूनं रेघ ओढून कापड बेतणं मी लहानपणापासून बघितलेलं. शहर बेतायचं म्हणजे तेच, फक्त खडूऐवजी फक्की, असं मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, ज्याच्या अंगावर जाणार त्याला एकदा समोर उभं करून बघ, मग कात्री चालव. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

शहराचा मोठा रस्ता दोन गावांच्या शिवेवरून न्यायचा होता, म्हणजे तो या गावाचाही नाही आणि त्याचाही नाही. जुन्या नकाशात शिवेवर दगड दाखवले होते. आमच्या धंद्यात खुणेच्या दगडाला चुना फासतात. आम्ही मोजणीला गेलो त्याच्या आदल्या दिवशी येळवस झाली होती, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूरकडं बाजार ओस पडतो आणि गावंच्या गावं शेतात जेवायला जातात, एवढं मला ऐकून माहीत होतं. तिथं नक्की काय करतात ते कधी बघितलं नव्हतं. आमच्या गल्लीत कुणाला शेतच नव्हतं. जेवून सुस्तावलेली स्थानिक माणसं दुसऱ्या दिवशी कामावर आलीच नाहीत. मी आणि माझ्यासारखाच एक शहरी सहकारी, दोघंच होतो. समोर एका शेताच्या कडेला विस्कटलेल्या कडब्यात ओळीनं पाच दगड, ताज्या चुन्यानं लखलखणारे; वरचे लाल ठिपकेही मला मोजणीची खूणच वाटले. इतकी सोपी शीव मला परत कधी सापडली नाही. तिथंच यंत्र लावलं आणि त्या ओळीवरून राजधानीचा मोठा रस्ता आखून टाकला.

वर्षभरात रस्त्याचा पहिला तुकडा झालासुद्धा. पुढचा आठ दिवसांत सुरू होणार होता, म्हणून मी आखणी तपासायला एकटीच गेले. तो नेमका येळवशीचा दिवस निघाला. बघते तर माझ्या रेघांच्या मधोमध कडब्याची छोटी खोपटी, कोप, उभी, भोवती दहा-बारा माणसं जेवायला बसलेली. त्या शेताचीच मंडळी होती ती. जमीन देऊन झाली होती, पण येळवशीला जायचं कुठं, म्हणून आली होती. मी काही बोलायच्या आधीच घरातल्या थोरल्या बाईंनी हाताला धरून मला खाली बसवलं. त्या दिवशी वाटेवरच्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत म्हणे. बाजरीचे वाफवलेले उंडे आले, शेंगभाज्यांची भज्जी आली, गाडग्यातली गार आंबील आली. दुसऱ्यांदा आंबील घेताना डोळे जड व्हायला लागले, उन्हात सगळं शिवार हळूहळू तरंगायला लागलं, आणि त्या गुंगीतच मी कोपीच्या आत बघितलं.

आत माझे पाच दगड होते. हळदकुंकू लावलेले, ताजा चुना दिलेले.

मी विचारलं हे काय. बाई म्हणाल्या, येळवशीला पुजतो ते पांडव. सासूच्या सासूपासून इथंच होते. मग माझ्या काखेतल्या नकाशाकडं बघून त्यांनी सरळ विचारलं, "बाई, तुमच्या कागदात आमचे पांडव कुठं हायत?"

कागदात ते रस्त्याच्या खाली होते. मी नकाशाची गुंडाळी पाठीमागं सरकवली आणि आंबील पीत राहिले. मला स्वतःची लाज वाटली, ती आजही आठवते.

दुसऱ्या दिवशी खरी शीव शोधली. ती बरीच बाजूला होती, बाभळीच्या झुडपात, आणि तिथल्या दगडांवर चुन्याचा मागमूस नव्हता. नवी नोकरी, पहिलं शहर, आणि चूक अशी की ऑफिसात वर्षभर हसं व्हावं. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन सगळं सांगितलं. साहेब लातूरचे. ते म्हणाले की नांदेडच्या माणसांना पांडव ओळखता येत नसतील तर मुख्यालय त्यांना दिलं नाही हे बरंच झालं. झालेला तुकडा तसाच ठेवून पुढचा रस्ता खऱ्या शिवेवर वळवला. वळणाच्या पोटात एक तिकोनी जागा उरली आणि दगड तिथं राहिले.

शहर वाढलं तशा त्या वळणाच्या गोष्टीही वाढल्या. कुणी म्हणतं तिथं मंत्र्याच्या मेव्हण्याचा प्लॉट होता. रिक्षावाले खाली पाणी लागल्याचं सांगतात. मी मागच्या सीटवर बसून ऐकते. आता येळवशीला शेत नसलेली कितीतरी बिऱ्हाडं डबे घेऊन त्या तिकोनात येतात आणि कोपीभोवती जागा मिळत नाही.

थोरल्या बाई एव्हाना माझ्या मावशी झाल्या होत्या. पांडव वाचवणारी पोर म्हणून त्या दरवर्षी माझ्या घरी उंडे पाठवायच्या आणि दरवर्षी मी ते शेजारी वाटून टाकायचे. त्यांना सगळं सांगायचं ठरवायचे, आणि परत राहून जायचं.

यंदा त्या वळणासमोरच्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरातून लेकाचा हात धरून उतरल्या. नजर जवळजवळ गेलेली. येळवशीच्या आदल्या दिवशीची दुपार होती, दगडांना चुना लावायची. लेक त्यांना सोडून गेला आणि आम्ही दोघीच दगडांपाशी बसलो. मी म्हणाले, "मावशी, मी पांडव वाचवले नाहीत. त्यांच्यावर रस्ता मीच घातला होता. चुना बघून शिवेचे दगड समजले."

त्यांनी हातानं चाचपत पहिला दगड शोधला आणि त्याच्यावर हात ठेवला.

"त्या साली म्या दोन हात चुना दिला व्हता," त्या म्हणाल्या. "मालक म्हनले, एवढा कशाला. म्हनलं, मोजणीवाले येनार हायत, त्येंला लांबून दिसू द्या, म्हंजे बगल देऊन जातील."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दिसलं नसावं. पलीकडं वळणावर गाड्या हळू होत होत्या, पुन्हा वेग घेत होत्या. मावशींनी कुंचा माझ्यापुढं धरला.

"धर पोरी. मला आता काई दिसंना."

मी चुन्याची बादली जवळ ओढली. पाचही दगडांना दोन दोन हात दिले.