किर्कलॉरी यंदा वर जाणार

एकाच टेबलावर पाच वर्षं डबा खाल्ला की किस्से जमवावे लागत नाहीत, साठतात. इथे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये झाकणं हरवलेले डबे साठतात ना, अगदी तसे. फेकवत नाहीत, आणि एक काढायला जावं तर सगळेच अंगावर येतात!

आता कारण असं की शनिवारी स्कॉटलंडची फुटबॉल लीग सुरू होतेय आणि किर्कलॉरीचा प्रिव्ह्यू मी लिहावा असा नितीनचा हट्ट. किर्कलॉरी हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. स्कॉटलंडच्या चार लीगपैकी सगळ्यात खालच्या लीगमधली टीम, दहांत नववी. पश्चिम डब्लिनमधल्या आमच्या ऑफिसात तिचे तीन चाहते होते. डेक्लन, नितीन आणि मी, अश्विनी. प्रिव्ह्यू दर वर्षी डेक्लन लिहायचा. एक पान, कँटीनच्या बोर्डावर पिनने टोचलेलं, आणि शेवटची ओळ ठरलेली: "यंदा वर जाणार!"

फेब्रुवारीत डेक्लन गेला. हार्ट अटॅक.

म्हणून मी बसले लिहायला. नवा गोलकीपर घेतलाय, कॅप्टनचा गुडघा बरा झालाय, पहिलीच मॅच घरच्या मैदानावर आहे. एवढं लिहून झालं, आणि पुढे नुसते किस्सेच आठवायला लागले.

* * *

डेक्लन डोनेगलचा. ऑफिसच्या सपोर्ट टीममधला सगळ्यात जुना माणूस, साठीला टेकलेला. पुण्यात असता तर मी काका म्हटलं असतं, इथे पहिल्या दिवसापासून नुसतं डेक्लन. त्याचे आजोबा बटाटे काढायला मजूर म्हणून स्कॉटलंडला जायचे, किर्कलॉरीच्या आसपासच्या शेतांवर. शनिवारी दुपारी सुटी मिळाली की मॅच बघायचे. तीच टीम नातवाकडे आली. "वारसा म्हणून दुसरं काही ठेवलंच नाही त्यांनी!" असं तो म्हणायचा.

२०१४ मध्ये मी पुण्याहून आले, तो पहिलाच आठवडा. शेजारच्या डेस्कवर डेक्लन बहिणीशी फोनवर बोलत होता. "तिघे गेले. हो, एकाच आठवड्यात. मोठ्याचं तर काही खरं नाही. आता उरलंय कोण?"

आपल्याकडे दुखवट्याच्या घरी पिठलं-भात नेतात. दुसऱ्या दिवशी मी डबा भरून नेला, त्याच्यासमोर ठेवला आणि हळूच म्हटलं, "तिघांबद्दल कळलं. फार वाईट झालं."

त्याने डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"खरं सांगू? त्यातले दोघे अगदीच निकामी होते. पास द्यायलासुद्धा यायचं नाही!"

पिठलं मात्र पुसून खाल्लं. जेवणाच्या सुट्टीत मला लीगचा तक्ता समजावून सांगितला. झाले मी चाहती.

* * *

नितीन नागपूरचा, डेटाबेसवाला. प्रत्येक गोष्टीचं एक्सेल करणारा माणूस. एका जुलैत त्याने दहाही टीमचे मागचे सगळे निकाल भरून मॉडेल बनवलं. उत्तर आलं, किर्कलॉरी तिसरी! डेक्लनने त्याची प्रिंट काढून प्रिव्ह्यूच्या शेजारी लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "विज्ञान आहे हे, विज्ञान!"

मे महिन्यात किर्कलॉरी नववी आली. एक पायरी आणखी घसरली असती तर लीगमध्ये राहण्यासाठी बाहेरच्या टीमशी प्लेऑफ खेळावी लागली असती. नितीन दोन दिवस टेबलाकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी डेक्लनच त्याच्या डेस्कपाशी गेला. ग्रँड हा त्याचा ठरलेला शब्द, म्हणजे मस्त, ठीक, चालेल, सगळंच.

"तुझं शीट ग्रँड आहे रे. फक्त ते टीमला मेल करायचं राहिलं!"

* * *

माझे सासरे, नाना, कोल्हापूरचे. तिथे पेठेपेठेत तालमी आणि तालमींच्या फुटबॉल टीम. नाना तरुणपणी स्वतः खेळलेले. ते डब्लिनजवळ ओंगारला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा डेक्लन एका रविवारी लॅपटॉप घेऊन चहाला आला आणि आदल्या दिवशीच्या मॅचची हायलाइट्स लावली.

वारा असा सुटलेला की आमच्या गोलकीपरने मारलेला बॉल वरच्या वर फिरून त्याच्याच डोक्यामागे कॉर्नरला गेला.

नाना स्क्रीनजवळ सरकले. मग म्हणाले, "कुठली तालीम म्हणायची ही? आमच्या पेठेत असं खेळलं असतं तर आयांनी पोरास्नी घरात घेतलं नसतं!"

डेक्लनने मला विचारलं, "काय म्हणतायत?"

"म्हणतायत, मुलं मेहनती आहेत."

डेक्लन स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "अश्विनी, मला मराठी येत नाही. पण डोळे आहेत!"

मग दोघांनी मिळून तीच हायलाइट्स आणखी तीनदा बघितली. भाषा एक नाही, पण एकाच जागी एकाच वेळी कपाळाला हात!

कोल्हापूरला परतल्यावर फोनवर नानांचा पहिला प्रश्न नातवाबद्दल नसायचा. "डेक्लनची तालीम जिंकली का?" आजही विचारतात. त्यांना अजून सांगितलेलं नाही. "डेक्लन काय म्हणतोय?" विचारलं की मी म्हणते, "ग्रँड, नाना." आणि मुलाच्या हातात फोन देते.

* * *

डेक्लन सीझनमध्ये चार-पाच वेळा मॅचला जायचा. बेलफास्टपर्यंत गाडी, मग फेरी बोट, मग परत गाडी. दर वेळी आम्हाला विचारायचा. आम्ही भारतीय पासपोर्टवाले, आम्हाला युकेचा व्हिसा लागणार. हे त्याच्या गळी उतरायला वर्ष गेलं. "अरे, पण बोटीने दोन तासांवर तर आहे!"

शेवटी नितीनने अर्ज केला. व्हिसा सेंटरच्या काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "जाण्याचं कारण?"

"किर्कलॉरीची मॅच बघायची आहे."

बाईंनी मान वर केली. "बरं. आणि खरं कारण?"

व्हिसा मिळाला. जानेवारीतला शनिवार धरून दोघे गेले. पोचले तर गेट बंद! मैदानात पाणी साचल्यामुळे सकाळीच मॅच रद्द झालेली, आणि हे दोघे तेव्हा बोटीवर. मैदान सांभाळणारा माणूस बूट काढत बाहेर आला. नितीनला म्हणाला, "कुठून आलास बाबा?"

नितीन वैतागलेला. म्हणाला, "नागपूरहून."

"मग निघताना एक फोन करायचा ना!"

* * *

नितीनच्या मागोमाग मीही व्हिसा काढला. चांगला दोन वर्षांचा. डेक्लनला दाखवला तर त्याने तो हातात घेऊन लायब्ररीतल्या पुस्तकासारखा सांभाळून परत दिला.

त्यानंतर मॅचला जायचं असलं की गुरुवारी त्याचा प्रश्न यायचा. "शनिवारी येतेस?" रिटायर होऊन तो डोनेगलला गेला तरी गुरुवारचा फोन चुकला नाही. आणि दर वेळी माझं एकच उत्तर. "बघते."

बघते म्हणजे नाही, हे आपल्या माणसाला लगेच कळतं. डेक्लनला कोण सांगणार!

कारणं खरीच असायची. कधी ऑफिसात रिलीज, कधी मुलाला ताप, कधी जवळच ल्यूकनला कुणाकडे तरी सत्यनारायण. तसं बघितलं तर एकही कारण असं नव्हतं की जे शनिवार सोडून रविवारी झालं नसतं. शेवटचा फोन जानेवारीतला. मी म्हटलं, "या वेळी नाही जमत, पण पुढच्या सीझनला नक्की. पहिल्याच मॅचला." तो म्हणाला, "ग्रँड."

व्हिसा संपला. पासपोर्टातल्या त्या पानावर एकही शिक्का नाही.

* * *

डेक्लन गेला तेव्हा त्याला डोनेगलच्या घरीच ठेवलं होतं, इथल्या पद्धतीप्रमाणे, लोकांना निरोप घेता यावा म्हणून. नितीन आता कॉर्कला असतो, रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीत. देशाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत गाडी चालवत आला. मी ओंगारहून. घरभर माणसं, चहाचे कप, सँडविचेस, मधूनच हसणं. आपल्याकडे अशा वेळी कुणी हसत नाही. पण तिथे जो तो डेक्लनचा एकेक किस्सा सांगत होता.

डेक्लनच्या बहिणीने माझा हात धरून मला खिडकीपाशी बसलेल्या दोघांकडे नेलं. एक म्हातारे गृहस्थ, एक जाडसर बाई. फेरी पकडून किर्कलॉरीहून आले होते. ते गृहस्थ मैदानाच्या गेटवर तिकीट तपासतात आणि बाई, मॉराग, चहाचा स्टॉल चालवतात. तिथे चहाबरोबर पाई मिळते, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ.

"ही अश्विनी," बहीण म्हणाली.

मॉराग एकदम उठूनच उभ्या राहिल्या. "अगं, म्हणजे तू ती!"

मला काही कळेना.

"डेक्लन यायचा असला की शुक्रवारी फोन करायचा मला. म्हणायचा, 'मॉराग, उद्या माझी मैत्रीण येतेय, ती मांस खात नाही.' आमच्या स्टॉलवर सगळ्या पाई मटणाच्या गं. मग मी घरून एक मॅकरोनीची पाई भाजून आणायची. तुझ्यासाठी. दोन सीझन."

"दर वेळी?" मी विचारलं.

"दर वेळी. हाफटाइमपर्यंत तो कुणाला हात लावू द्यायचा नाही तिला."

"आणि मग?"

मॉराग परत खुर्चीवर बसल्या. गेटवरचे म्हातारे गृहस्थच बोलले.

"मग स्वतःच खायचा. पूर्ण. आणि त्याला मॅकरोनी अजिबात आवडायची नाही!"