सासऱ्यांचा गॅस

माणसाच्या एकूण एक दुखण्याचं मूळ गॅस असतं, असं ठामपणे मानणारा माणूस माझ्या सासऱ्यांच्या तोडीचा अख्ख्या सुरतेत सापडायचा नाही. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये उभा जन्म काढून ते लिंबायतला निवांत बसले, पण खिशातली ओव्याची पुडी काही सुटली नाही. कुणाचं डोकं दुखो, कुणाचं लग्न मोडो, सासरे तळहातावर ओवा ठेवणार. एकदा भररस्त्यात आमची रिक्षा बंद पडली, तर त्या सीएनजी रिक्षावाल्याला यांनी गंभीरपणे सांगितलं, "भाऊ, गॅस अडकना." नेमकं तेच निघालं. त्या दिवसापासून घरात त्यांच्यापुढे बोलायची सोय उरली नाही.

गेल्या वर्षी मी काम करतो त्या मिलच्या सांडपाण्याच्या टाकीतून विषारी वायू सुटला आणि माझी फुफ्फुसं सुजली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बायकोच्या डोळ्यांना धार, आणि मी वाचतो की नाही हे कुणीच सांगेना. डॉक्टरीणबाई गुजराती, मोठ्या बोलक्या. त्यांनी सासऱ्यांना समजावलं की सडक्या अंड्यासारखा वास येणारा जो वायू मला बाधला, तोच शरीर स्वतःही कणभर तयार करतं. आणि तेवढ्या थोड्या प्रमाणात तो फुफ्फुसाची सूज आवरत असावा, असं प्रयोगांत दिसतंय. सासऱ्यांनी त्यातला 'गॅस' तेवढा पकडला. इतकी वर्षं ओवा चारून आपण जावयाचा राखणदारच हाकलून दिला, या विचाराने ते हबकले. दुसऱ्या दिवशी डबाभर उकडलेले वाल घेऊन हजर! "जवाईबापू, गॅस व्हयना का?" हे सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात. मास्कमध्ये मला धड लाजताही येईना.

"काका, ए पेटनो गॅस नथी," बाईंनी हसत सांगितलं आणि डबा परत पाठवला.

त्या संध्याकाळी मला झोप लागलीय असं समजून ते बाईंजवळ गेले आणि गुजराती विसरून घरच्या अहिराणीत हळूच म्हणाले, "बेन, मना आंगमा भरपूर शे. मना आंगमाईन काढा नि यास्ले द्या." बाईंना अहिराणी येत नाही, पण त्या हसल्या नाहीत. मला मात्र रडू आवरेना.

मी वाचलो. माझी फुफ्फुसं आता धड आहेत. सासऱ्यांची मात्र इतक्या वर्षांच्या रंगाच्या वाफांनी थकलीत. दुसऱ्या मजल्यावरच्या घरी चढताना ते दोनदा थांबतात, आणि थांबलोच नाही असं दाखवत खालच्या बाजाराबद्दल काहीबाही बोलत राहतात. मी एक पायरी खाली उभा राहून हूं हूं करतो. माझ्यातलं काढा आणि यांना द्या, असं मलाही कुणाला तरी सांगावंसं वाटतं.