सकाळी नऊचा फोन

ते प्रकरण तसं किरकोळ चोरीचं. एक सौर पाटी, एक बॅटरी आणि थोडी तार, एवढाच मुद्देमाल. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे आता नीट आठवतही नाहीत. ही चोरी मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, जंगलात बऱ्याच आत असलेल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. खेडोपाडी सरकारी फोन येऊ लागले होते. जंगलातून तारा ओढणं शक्य नव्हतं, म्हणून बिनतारी यंत्र बसवत. घराशेजारी उंच खांब, त्यावर अँटेना, छपरावर सौर पाटी, आत बॅटरी आणि फोनचा डबा. आमच्या हद्दीत अकरा गावांना असे फोन मिळाले. फोन सगळ्या गावाचा, पण ठेवायचा कुणाच्या तरी घरातच.

नाल्यापलीकडच्या एका गावात तो ज्याच्या घरी बसला तो चाळिशीतला माणूस होता. तलावात मासे धरायचा, थोडी धानशेती होती, सातवीपर्यंत शिकलेला होता. गाव त्याला फोनवाला भाऊ म्हणू लागलं. पहिल्याच वर्षी एका बाळंतिणीची अवस्था बिकट झाली, त्यानं दवाखान्याला फोन लावला, जीप नाल्यापर्यंत आली आणि बाई आणि पोर दोन्ही वाचली. त्यानंतर बायकांनी फोनच्या डब्याला हळद लावली होती, ती मी स्वतः पाहिली.

मला मात्र त्या फोनात दुसरंच काही दिसलं. आमच्याकडे बातमी मिळणं हीच मोठी अडचण होती. जंगलातली हत्यारबंद माणसं कुठल्या गावात आली, कुठून गेली, हे आम्हाला दोन-दोन दिवसांनी कळायचं. मी अकरा नंबरांची यादी करून अंमलदाराच्या टेबलामागच्या भिंतीवर चिकटवली. रोज सकाळी हजेरी झाली की नऊ वाजता अंमलदारानं एकेका गावाला फोन लावायचा आणि विचारायचं, "काय हालहवाल? कोणी नवीन आलं-गेलं?" वरिष्ठांनी बैठकीत माझी पाठ थोपटली. मीही चार लोकांत ते सांगत फिरलो, आता सांगताना लाज वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस फोनवाला भाऊ स्वतः सायकल मारत ठाण्यात आला.

"साहेब, फोनची पिलेट चोरीले गेली. बॅटरी बी नेली."

"कधी?"

"मले का मालूम जी. सकाळी उठलो त छपरावर काई नाई."

"कुणावर संशय?"

"नाई जी."

खबर लिहून घेतली, गुन्हा दाखल झाला. सरकारी मालमत्ता, त्यातून दळणवळणाचा विषय, त्यामुळे जिल्ह्याहून दुसऱ्याच दिवशी विचारणा सुरू झाली. डोक्याला ताप झाला. तेवढ्यात एका खबऱ्यानं सांगितलं की तालुक्याचा एक भंगारवाला त्या दिवसांत पोतं बांधलेली सायकल घेऊन त्या बाजूला दिसला होता. लगेच त्याला उचलून आणलं.

दोन दिवस त्याला ठाण्यात बसवलं. दोन थपडाही बसल्या, आता खोटं कशाला बोलू. तो एकच सांगत राहिला, "साहेब, मी डबे-बाटल्या घेतो. ते पिलेट नेऊन मी कोनाले विकू? या जंगलात कोन घेईन?" प्रश्न बरोबर होता. त्याची बायको दोन्ही वेळा डबा घेऊन यायची आणि फाटकाशी बसून राहायची. तिसऱ्या दिवशी मी त्याला सोडून दिलं. माफी मागितली नाही. तेव्हा तशी पद्धत नव्हती.

मग हवालदाराला घेऊन मी गावात गेलो. हवालदार त्याच भागातला, गोंडी आणि तेलुगू दोन्ही बोलणारा, वयानं माझ्यापेक्षा मोठा. छपरावर चढून पाहिलं तर पाटीचे नटबोल्ट पान्यानं व्यवस्थित खोललेले. तारेची कापलेली टोकं प्लॅस्टिकच्या कागदानं गुंडाळून सुतळीनं बांधलेली. चोराला पावसात तार खराब होण्याची काळजी कशाला असेल?

नंतर जबाब घेतले. शाळेच्या ओट्यावर सात माणसं एकेक करून समोर बसवली. पहिला म्हणाला, "वारं लय होतं, कुत्रे भुकले नाई, सकाळी उठलो त पिलेट नाई." दुसराही तेच म्हणाला. पाचव्या माणसापर्यंत मला वाक्य तोंडपाठ झालं.

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, पाठ करून आले हे. शाळेतबी एवढं पाठ नाई केलं यायनं."

नोकरीत शिकलेली एक गोष्ट सांगतो. खरं पाहिलेली माणसं आपसांत भांडतात. एक म्हणतो तिघं होते, दुसरा म्हणतो पाच, तिसरा दोघांनाही वेड्यात काढतो. सगळं गाव जेव्हा एका सुरात बोलतं, तेव्हा ते कुणाला तरी पाठीशी घालत असतं. आणि इथे पाठीशी घालण्यासारखा एकच माणूस होता.

फोनवाला भाऊ तलावाच्या पाळीवर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी हवालदाराला थोडा मागे थांबवलं आणि त्याच्याशेजारी बसलो.

"भाऊ, पान्याचा नंबर किती होता?"

त्याचा हात थांबला. त्याची बायको जवळच टोपलीत मासे निवडत होती. तीच उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"त्याले काऊन विचारता? मले विचारा. तुमचा फोन येते रोज सकाळी. घंटा वाजते त सारा गाव आयकते. गाव आयकते म्हंजे जंगलाच्या आतले बी आयकतेत. आले होते ते मागच्या महिन्यात. म्हनाले, पोलीस तुले रोज काय विचारते? तू रोज काय सांगते?"

"मग काय सांगितलंस?" मी त्याला विचारलं.

"काईच नाई सांगत म्हनलं जी. फोन आला का मी 'सब ठीक' म्हनतो अन् ठेवून देतो. पन ते म्हनाले, पुढच्या खेपेस विचारनार नाई." त्यानं जाळ्याची गाठ पुन्हा हातात घेतली. "फोन नाई उचलला त तुमी गाडी घेऊन येनार. उचलला त ते येनार. फोन आपिसात गेलो, म्हनलं घेऊन जा हा डबा. त साहेब म्हनाले, सरकारी हाय, असा वापस होत नाई. मंग गाव बसला. गावानंच ठरवलं, चोरी होऊ द्या."

"पाटी कुठे आहे?"

"धानाच्या ढोलीत हाय," बायको म्हणाली. "चादरीत बांधून ठेवली. दिवस चांगले आले का लावून देऊ. पोटुशी बायका हायेत गावात, आमाले बी फोन पायजे. तुमची घंटा नाई पायजे."

जी यादी मी मिरवत होतो, तिनं या माणसाचा जीव टांगणीला लावला होता. आणि हे सांगायला तो ठाण्यात येऊ शकत नव्हता, कारण ठाण्यात येणं हाच त्याच्यावरचा आरोप होता. चोरीची तक्रार द्यायला मात्र कुणीही ठाण्यात जाऊ शकतं, एवढा विचार त्या गावानं केला होता.

खोटी खबर दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई करता आली असती. मी ती केली नाही. माल नाल्याकाठी झुडपात बेवारस मिळाला असा पंचनामा केला. पंच म्हणून गावातल्याच दोघांनी अंगठे दिले. गुन्हा खरा पण आरोपी मिळून आला नाही, अशी 'अ' समरी पाठवली. पाटी पुन्हा चढली. भिंतीवरच्या यादीतला तो नंबर मी लाल पेनानं खोडला आणि अंमलदाराला बजावलं, या गावाला ठाण्यातून फोन जाणार नाही. बाकीच्या दहा गावांचा फोन मात्र चालूच ठेवला. तिथेही घंटा वाजत होती, तिथेही कुणीतरी "सब ठीक" म्हणत होतं, पण तिथून तक्रार आलेली नव्हती. मी एवढाच विचार केला.

आठ महिन्यांनी माझी राजुऱ्याला बदली झाली. चार्ज देताना शस्त्रं मोजून दिली, मुद्देमाल दाखवला, प्रलंबित गुन्ह्यांवर सह्या झाल्या. या गावाबद्दल मात्र कुठल्याच कागदावर काही नव्हतं. असणार कसं? लिहिलं असतं तर माझा पंचनामा खोटा ठरला असता. तोंडी सांगायचं मनात होतं. निरोपाचा चहा झाला, हार झाले, गाडी लागली होती, आणि ते राहून गेलं.

माझ्यानंतर आलेला अधिकारी तरुण आणि कामसू होता. त्याला भिंतीवरची यादी जुनी, खाडाखोड झालेली दिसली. त्यानं फोन कार्यालयातून अकराही नंबर नव्यानं मागवले आणि स्वच्छ टाइप करून लावले. त्याला मी कधी दोष दिला नाही. त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

नऊचा फोन पुन्हा सुरू झाला. तीन आठवडे चालला. मग एका दुपारी जंगलातल्या माणसांनी फोनवाल्या भाऊला त्याच्याच धानाच्या बांधीतून उचलून नेलं. गाव पाया पडलं म्हणून जीव राहिला, पण उजवा हात मोडला आणि गाव सोडायचा हुकूम झाला. हे मला हवालदाराच्या पत्रातून कळलं. पत्राच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, तुम्ही असता तर झालं नसतं. ते वाक्य मला फार लागलं, कारण झालं ते माझ्याच यादीमुळे आणि माझ्याच न सांगण्यामुळे झालं होतं.

पाच-सहा वर्षांनी घुग्घुसला खाणीतल्या संपाच्या बंदोबस्तावर होतो. सगळीकडे कोळशाची धूळ, ट्रकांची रांग. चहाच्या टपरीवर एक माणूस डाव्या हातानं कप धरून उभा होता. आधी त्यानं मला ओळखलं.

"राम राम साहेब."

मी त्याला बाकावर बसवलं. तो ट्रक लोडिंगच्या ठिकाणी राखणदारी करत होता. शेती मेहुणा पाहतो म्हणाला. तलाव? "तलाव कुठी जाते जी, तिथीच हाय." बायको बरी होती. गाव सुटल्यापासून तो एकदाही तिकडे गेला नव्हता.

मी म्हणालो, "भाऊ, माझी चूक झाली. नव्या साहेबाला सांगायला हवं होतं."

त्यानं कप बाकावर ठेवला. "हव जी," म्हणाला. नाही, असू द्या, झालं ते झालं, यातलं काहीही तो म्हणाला नाही.

नोकरीनं मला प्रश्न विचारायला शिकवलं. उत्तर देणाऱ्याला त्याची काय किंमत पडते, हे कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं, आणि मला ते त्या टपरीवर कळलं तेव्हा निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती.

त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. तेव्हा मजुरांच्या हातातही मोबाइल येऊ लागले होते. बायकोचा फोन होता, दोन शब्द बोलून त्यानं ठेवला. मी खिशातलं पेन काढलं. म्हटलं, "नंबर देऊन ठेव. काही काम पडलं, कुठे शिफारशीची चिठ्ठी लागली तर मी आहे."

त्यानं मोबाइल आत सरकवला आणि वरचं बटण लावलं.

"नंबर नका मांगू, साहेब," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग त्यानं माझ्याही चहाचे पैसे दिले आणि ट्रकांच्या रांगेकडे निघून गेला.