शांत सूर्याचा उन्हाळा

वेधशाळेत तिला सगळे डागताई म्हणत. सकाळी लोखंडी जिना चढायचा, घुमटाची झडप उघडायची, दुर्बिणीतून उतरणारं सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर घ्यायचं आणि त्यावरचे काळे डाग पेन्सिलीने जसेच्या तसे टिपायचे, हे तिचं काम. कॅमेरे आले तरी ही जुनी रीत वेधशाळेने मोडली नव्हती. "बायका शेजारणीचे डाग शोधतात, आमची थेट सूर्यालाच धरते," असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

नवरा मिस्त्री. गच्च्यांवर गरम डांबर ओतून गळती बंद करणं हा त्याचा धंदा. ते काम कोरड्या उन्हातच होतं. वरून ऊन, खालून उकळतं डांबर, मधे मिस्त्री. तरुणपणी त्याने ते मस्करीत काढलं. पण वर्षं सरली तसे उन्हाळे अंगावर येऊ लागले. बरोबरीची माणसं एकेक करून धंदा सोडून गेली. संध्याकाळी तो घरी येऊन उघड्या पाठीने फरशीवर पडून राहायचा, तर फरशीही कोमट.

"तुझ्या त्या वरच्या साहेबाला जरा आवर की गं," तो म्हणायचा.

तिने त्याला एकदा समजावलं होतं. सूर्याच्या पोटात चुंबकी ओढाताण चालते. ती वाढली की डाग वाढतात, आणि अकराएक वर्षांत ती चढून पुन्हा उतरते. मिस्त्रीने त्यातलं 'उतरते' तेवढंच उचललं; डाग उतरले की ऊनही उतरणार. तापकऱ्याची चौकशी करावी तसा तो रोज विचारू लागला, "आज किती?" डाग कमी होत गेले आणि त्याचा चेहरा खुलत गेला.

शेवटी कागदावर नुसतं नितळ बिंब येऊ लागलं. एका सुट्टीच्या दिवशी ती त्याला घुमटात घेऊन गेली. त्याने हात पुढे केला; सूर्य त्याच्या भेगाळलेल्या तळव्यावर मावेना.

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

"सुटलो मग," तो म्हणाला. उतरताना जिन्यावर शीळ घालत होता.

तिच्याच मनाला मात्र चैन पडेना. ती वेधशाळेतल्या शास्त्रज्ञबाईंकडे गेली. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "चढ आणि उतार यांत सूर्याच्या तेजाचा फरक पडतो हजारात एका भागाचा. आणि सूर्यच तापवत असता तर खूप उंचावरची हवाही तापली असती. ती उलट गार होतेय. ऊब खाली कोंडली जातेय, आपण जाळलेल्या कोळशाच्या आणि तेलाच्या वायूने. सूर्य गप्प बसला म्हणून काही वाचत नाही हो."

त्याच संध्याकाळी तिने हे मिस्त्रीला सांगितलं.

"खरंच असेल ते," तो म्हणाला. "पण मला यंदाचा उन्हाळा काढायचाय ना? काहीतरी धरून चालू दे की मला."

त्याने एका गोदामाची अवाढव्य गच्ची अंगावर घेतली. त्या वर्षीसारखा उन्हाळा आधी कुणी पाहिला नव्हता. भर दुपारी तो वाकडंतिकडं बोलायला लागला, घाम थांबला, आणि ओल्या डांबराच्या कडेला कोसळला. खाली उतरवेपर्यंत अंग भट्टीसारखं झालं होतं. दवाखान्यात त्याला बर्फात ठेवलं. जीव वाचला. शरीराचा तोल सांभाळणारा मेंदूचा भाग मात्र त्या तापात शिजून गेला, डॉक्टर म्हणाले. आता तो भिंत धरून चालतो, पेला दोन्ही हातांत धरूनही सांडतो, आणि शब्द तोंडात घोळत घोळत बाहेर येतात. चारचौघांत तो बोलतच नाही.

पुढे कधीतरी सूर्याच्या मध्यापासून दूर, वरच्या अंगाला, एक बारीक डाग उगवला. नव्या फेरीचा पहिला. वेधशाळेत टाळ्या वाजल्या, चहा आला. डागताईने तो टिपला आणि घरी येऊन, सवयीने, सांगून टाकलं.

मिस्त्रीने शब्द जुळवायला वेळ घेतला. "म्हणजे... आता वाढणार... मग पुन्हा उतरणार. तेव्हा?"

खोटं तिच्या जिभेवर आलं होतं. पण तो तिच्याकडे असा टक लावून बघत होता की तिला ते जमलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हाही नाही."

"मग वाट... कशाची बघायची?"

त्याने मान फिरवली आणि तो पडदे ओढलेल्या खिडकीकडे तोंड करून बसून राहिला.

सकाळी ती कामावर गेली. जिन्याचा कठडा इतक्या लवकर तापला होता की धरवेना. पूर्वी सूर्यावर रागावता तरी यायचं. तिने झडप उघडली, कागद लावला आणि पेन्सिलीला टोक काढलं.