वरच्या मजल्याचं पाकीट

प्रेमबाईंची ख्याती अशी, की त्यांच्या घरात दुसऱ्याची वस्तू मुक्कामाला राहत नसे. शेजारून वाटीभर काही आलं, की वाटी संध्याकाळच्या आत घासूनपुसून, वर चिमूटभर साखर टाकून परत. रिकामी वाटी देऊ नये म्हणतात, ते या बाईनं लग्न होऊन जालन्यात आल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षं पाळलं. अशा बाईनं दुसऱ्याचं पाकीट तीन आठवड्यांवर कपाटात दडवून ठेवलं, असं कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पण ठेवलं खरं.

त्यांच्या यजमानांचं, सुगनचंदजींचं, सदर बाजारात कापडाचं दुकान होतं. पोरगा अर्पित पुण्याला नोकरीला लागला, गल्ल्यावर बसायला कुणी उरलं नाही, तेव्हा म्हाताऱ्यानं शटर ओढलं आणि मंठा चौफुलीच्या अलीकडं एका तीन मजली अपार्टमेंटमध्ये पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. लिफ्ट नव्हती, पण पहिलाच मजला, दोघांचे गुडघे अजून तेवढं ऐकत होते. उजेड चांगला, जैनांचं स्थानक जवळ. सगळं बराबर होतं. मग वरच्या फ्लॅटमध्ये करण आणि मोनिका राहायला आले.

आता खरं सांगायचं तर ही नवराबायको वाईट नव्हती हो. करण बियाण्याच्या कंपनीत कामाला, गाव मंठ्याकडचं. आजा मेंढरं राखायचा, हे तो स्वतःच अभिमानानं सांगायचा. हाक मारली तर धावत येईल असा पोरगा. पण आपल्या पायाखाली कुणाचं तरी छत आहे, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. उठला की प्लास्टिकची खुर्ची ओढणार, बसला की ओढणार. मोनिकाला चटणी कुटायची आठवण दुपारी दोनलाच व्हायची, म्हणजे प्रेमबाईंचा डोळा लागला रे लागला की लोखंडी खलबत्ता सुरू. मोटारसायकल बरोब्बर जिन्याच्या तोंडाशी. उन्हाळ्यात मुगाच्या वड्या गॅलरीत वाळत घातल्या, की वरून झाडूचा कचरा आलाच म्हणून समजा. आणि फोन! करण फोनवर बोलायचा ते गॅलरीत उभा राहून, असं की मंठ्याला फोनाशिवायही ऐकू जावं.

सुगनचंदजींना कशाचाच त्रास नव्हता. कानाचं मशीन काढून पेपरावर ठेवायचे आणि म्हणायचे, "कुठं आवाज येऊ राह्यला? मला तर काहीच न्हाई." प्रेमबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

त्यात पार्सलांची भानगड वेगळी. कुरिअरवाले वर चढायचा कंटाळा करायचे आणि करण फोनवरूनच सांगून मोकळा व्हायचा, "पहिल्या मजल्यावर काकूंकडं ठिवा." काकूंना विचारलं? अजिबात नाही. बरं, संध्याकाळी स्वतः उतरून न्यावं, तर तेही नाही. गॅलरीतून वाकून, "काकू, आपलं काही आलं का?" दुसऱ्याची वस्तू घरात ठेवायची सवय नाही म्हणून प्रेमबाईच एकेक पायरी मोजत वर नेऊन द्यायच्या. मोनिका दारातून "थँक्यू काकू" म्हणायची आणि दार लावून घ्यायची. तीन वर्षं हे चाललं.

राखीपौर्णिमेच्या तीन दिवस आधीची गोष्ट. प्रेमबाईंनी स्थानकात सामायिकाला, म्हणजे ध्यान-जपाला, बसताना नेसायची पांढरी साडी धुऊन गॅलरीत टाकली होती. वर मोनिकानं तुळशीच्या कुंडीला गेरू लावला आणि राहिलेल्या गेरूच्या पाण्यानंच गॅलरी धुतली. प्रेमबाई बाहेर येऊन बघतात तो साडीवर काठापासून पदरापर्यंत तांबडे ओघळ. त्यांनी वर मान करून हाक मारली, "अगं मोनिका, बघ काय केलंस हे!"

मोनिकानं खाली डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अय्या! मंग काकू, घरात वाळत घालायची ना."

झालं. चूक झाली म्हणाली असती तर प्रेमबाईंनी साडी निमूट पुन्हा धुतली असती. पण "घरात वाळत घालायची ना"! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. साडी बादलीत बुडवून त्या आत आल्या, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. पोस्टमन काकासाहेब होते.

"बाई, वरच्या करणरावांचं पाकीट हाय. खालच्या पेटीचं झाकण तुटलेलं, पाऊस आला तर भिजंल. तुमच्याकडं देऊ का?"

पाकीट जाड होतं, हाताला आत गोंड्यासारखं काहीतरी लागत होतं, मागं लिहिलेलं: पाठवणार, इंद्रायणी. राखी आहे हे कळायला काही शिकावं लागत नाही. प्रेमबाईंनी पाकीट घेतलं, दार लावलं आणि मनाशी म्हणाल्या, घ्यायचं असेल तर येतील उतरून. मी काय यांची नोकर आहे? लागू दे एकदा तरी जिना! कपाटात चादरींच्या घडीखाली पाकीट गेलं.

तसा त्यांचा बेत फार तर एक दिवसाचा होता. संध्याकाळी करण गॅलरीतून विचारेल, आणि मग आपण म्हणू, ये खाली, घेऊन जा. पण त्या संध्याकाळी त्यानं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला काय माहीत, पोस्टानं काही येणार आहे म्हणून! आणि प्रेमबाईंचा राग अजून ओलाच होता. गेरूचे डाग तिसऱ्या धुण्यालाही गेले नव्हते.

राखीच्या दिवशी अर्पित पुण्याहून आला, त्याची चुलत बहीण आली, घरात गोडधोड झालं. प्रेमबाईंना चार वेळा कपाटाची आठवण झाली. आता देते, जेवणं झाली की देते, म्हणता म्हणता दुपार टळली आणि वरून करणचा आवाज आला. गॅलरीतून, नेहमीसारखा, सगळ्या अपार्टमेंटला ऐकू जाईल असा.

"तू यायची न्हाई तर न्हाई आलीस, ठीक हाय. पण पोस्टानं पाठवली म्हणून खोटं काहून बोलू राह्यलीस, इंद्राताई? वास्तुशांतीला मी जेवलो न्हाई, त्याचा राग धरलाय, तर तसं सांग की तोंडावर. पाठवली म्हणे! पाठवली तर कुठं गेली मंग, हवेत?"

मग तो म्हणाला, "खोटारडी हायेस तू. ऱ्हाऊ दे. आजपासून मला भाऊ म्हणू नको."

प्रेमबाई गॅलरीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. तीन वर्षं त्या पोराच्या आवाजाला शिव्या घातल्या होत्या, आज पहिल्यांदा त्यातलं अक्षर न् अक्षर त्यांनी कान देऊन ऐकलं. दरवर्षी ही इंद्रायणी स्वतः यायची, जिन्यात भेटली की वाकून पाया पडायची. वैशाखात तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला करण उशिरा गेला आणि कामाच्या घाईत न जेवता उठून आला. बहीण रुसली. रुसली म्हणून आली नाही, आणि माया होती म्हणून पोस्टानं राखी धाडली.

त्याच घडीला वर जाऊन पाकीट द्यायला हवं होतं. आपण सगळेच म्हणू, द्यायला हवं होतं. पण पाय उचलला नाही बाईंचा. काय सांगणार? तीन दिवस का ठेवलं? आणि सगळ्या अपार्टमेंटमध्ये जिना असा झाडा, कचरा तसा टाका, असं सांगत फिरणारी हीच बाई! लाज एकदा अंगावर चढली की दिवसागणिक जड होत जाते. आज नको उद्या, उद्या नको परवा. करणनं पोस्टमनला साधं विचारलंसुद्धा नाही. बहीण खोटं बोलली, हे त्यानं धरूनच टाकलं होतं.

एकदा दुपारी त्यांनी पाकीट पदराखाली घेतलं आणि खाली उतरल्या. मोडक्या पेटीत टाकून द्यायचं, उशिरा आलं म्हणतील, संपलं. पाकीट पेटीत अर्धं सरकलंही. मग त्यांच्या ध्यानात आलं, की हे काकासाहेबांच्या माथी जाणार. ऊन असो, चिखल असो, तो माणूस पाकिटं भिजू नयेत म्हणून दारोदार विचारत फिरतो! प्रेमबाईंनी पाकीट ओढून घेतलं. वर येताना मधल्या पायरीवर बसून त्या रडल्या. कुणी विचारलं असतं तर गुडघा दुखतो म्हणाल्या असत्या.

पुढं पर्युषण लागलं. हिरवी भाजी बंद, बाईंचं एकासणं सुरू, दिवसातून एकदाच जेवण. रोज सकाळी स्थानकात प्रवचन. घरात सुगनचंदजी संवत्सरीच्या निरोपांची तयारी करत होते. त्या दिवशी वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडं माफी मागायची, खमतखामणा करायचा, हा रिवाज. आता मोबाईलवर एकाच दमात दोनशे जणांना फुलाचं चित्र जातं.

"जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम," त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "बराबर हाय ना? वरच्या करणलाबी धाडतो."

"त्याला नका धाडू," प्रेमबाई म्हणाल्या.

"काहून?"

"त्याला मी तोंडानं सांगते."

संवत्सरीचा दिवस. कडक उपास, पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी प्रतिक्रमणाला, वर्षभराची पापं आठवून पश्चात्ताप करायला, बसायचं, आणि हे पाकीट कपाटात ठेवून बसायचं म्हणजे कुणाला फसवायचं? दुपारी चारच्या सुमाराला त्यांनी तीच साडी नेसली, गेरूचे फिकट डाग असलेली, दुसरी धुतलेली नव्हती. पाकीट पदराखाली न लपवता हातात धरलं आणि कठड्याला धरत वर चढल्या.

दार मोनिकानं उघडलं. तिची नजर आधी साडीवर गेली. "काकू, ते डाग..." ती चाचरत म्हणाली.

"त्यासाठी न्हाई आले ग. करण हाय का?"

करण आतून आला. प्रेमबाईंनी पाकीट पुढं केलं. त्यानं मागचं नाव वाचलं, टपालाचा शिक्का पाहिला, पुन्हा नाव वाचलं.

"राखीच्या तीन दिवस आधी आल्तं," प्रेमबाई म्हणाल्या. "काकासाहेबांनी माझ्या हातात दिलं. मी ठेवून घेतलं. विसरून न्हाई हं करण, अजाणता न्हाई. राग आल्ता म्हणून जाणून ठेवलं. तू इंद्रायणीला बोललास ते मी खाली उभी राहून ऐकलं, तरी आले न्हाई. मला माफ कर."

मोनिकानं तोंडाला हात लावला. करणचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"काकू, मी तिला काय काय बोललो माहीत हाय का तुम्हाला? दाजी, तिची सासू, समदे बसले होते. फोन स्पीकरवर होता तिचा."

"माहीत हाय. लाव फोन. मी सांगते तिला."

त्यानं लावला. तीनदा वाजून बंद झाला. भावाचा नंबर पाहून उचलत नव्हती. मग मोनिकानं आपल्या फोनवरून लावला आणि प्रेमबाईंच्या हातात दिला.

"इंद्रायणी, मी खालच्या मजल्यावरची काकू. तुझी राखी पोचली होती ग बाई. दुसऱ्यानं न्हाई, मीच ती कपाटात ठेवली. करणला माहीतच नव्हतं."

पलीकडून बारीक आवाज आला. "पोचली होती?"

"पोचली होती."

"आणि त्याला मिळालीच न्हाई?"

"आत्ता देऊ राह्यले, तुझ्यासमोर."

आणि ती पोरगी हुंदके देऊन रडायलाच लागली. "मला वाटलं काकू, त्यानं घेऊन फेकून दिली. आणि वर मलाच खोटी पाडू राह्यला, तोडायचंय म्हणून. वीस दिवस मी हेच धरून बसले होते."

प्रेमबाईंनी फोन करणकडं दिला. मोठ्या आवाजाचा तो गडी, त्याच्या तोंडून "ताई" एवढंच निघालं, तेही जेमतेम. तो पाठ करून खिडकीकडं गेला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा डोळे पुसलेले होते, पण प्रेमबाईंकडं त्यानं सरळ पाहिलं नाही.

"उद्या येणार हाय ती," तो म्हणाला.

"चांगलं झालं." प्रेमबाईंनी हात जोडले. "मंग मला माफ केलंस का, करण?"

मोनिका मध्येच म्हणाली, "अहो काकू, आता काय त्याचं, बसा ना तुम्ही." पण करणनं नकारार्थी मान हलवली.

"खोटं कशाला बोलू, काकू? आज न्हाई जमणार मला."

अठ्ठेचाळीस संवत्सऱ्यांत प्रेमबाईंना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. समोरचा हात जोडतो, आपणही जोडतो, झालं. पोटात अन्न नाही, घशात पाणी नाही, डोकं गरगरत होतं.

"बराबर हाय तुझं," त्या म्हणाल्या. "मंग मी उद्या परत येते."

"उद्याबी न्हाई जमलं तर?"

"तर परवा येते."

कठडा धरून त्या उतरायला लागल्या. दोन पायऱ्या उतरल्या असतील, मागून चपलांचा आवाज आला आणि करणनं त्यांचा दंड धरला. एकेक पायरी त्यांच्या चालीनं उतरत त्यांना दारापर्यंत पोचवलं, आणि तसाच, न बोलता, वर निघून गेला.