एक थेंबही न गळणारं इंजिन

गार्थ ट्रेम्बाथ पोर्ट कॅरोमध्ये जन्मला, पोर्ट कॅरोमध्येच म्हातारा झाला, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये याची त्याने आयुष्यभर काळजी घेतली. पबमध्ये दुसरा ग्लास रिकामा झाला की त्याचं वाक्य ठरलेलं असायचं, "डेन्झिल सुटला, मी अडकलो." मी त्याची शेजारीण. माझी बेकरी आणि त्याचं घर यांच्यामध्ये नुसतं पत्र्याचं कुंपण आहे, त्यामुळे पबमध्ये न जाताही ते वाक्य मला पाठ झालं होतं.

डेन्झिल म्हणजे त्याचा थोरला भाऊ. दोघं गावाबाहेरच्या वीजघरात कामाला होते. आमच्या गावातले सगळेच पुरुष तिथे होते म्हणा. दोघांनी मिळून एक जुनी इंग्लिश बीएसए मोटरसायकल घेतली होती. डेन्झिलने तिचं इंजिन स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं सुटं केलं आणि पुन्हा जोडलं. बेत असा होता की पश्चिमेचं ते ओसाड पठार ओलांडून थेट पर्थ गाठायचं. तेवढ्यात बाप गेला. पाठोपाठ आईचे पाय गेले. कुणीतरी घरी राहणं भाग होतं. "सहा आठवड्यांत परत येतो, मग तू जा," असं म्हणून डेन्झिल गाडी घेऊन निघाला. पश्चिमेला न जाता पूर्वेला गेला, तिथून बोटीने न्यूझीलंडला, आणि तिथलाच झाला. वर्षातून एकदा नाताळाचं कार्ड यायचं, त्यावर मेंढ्या.

गार्थने आईचं सगळं केलं. आंघोळ घातली, केस विंचरले, रात्री उठून कूस बदलली. गाव म्हणायचं, देवमाणूस! मला तेव्हाही राग यायचा. एखाद्याला देवमाणूस म्हटलं की त्याच्या मदतीला न जायला आपण मोकळे होतो ना? पण खरं सांगायचं तर आई नव्वदीत गेली, त्यानंतरही हा कुठे गेला नाही. कुंपण पडलं तरी मेंढी तिथेच चरत राहते, तसं त्याचं झालं होतं. मी हे त्याला तोंडावर म्हटलं होतं. तो चार दिवस माझ्या बेकरीत मांस भरलेली पेस्टी घ्यायला आला नाही.

मग डेन्झिल वारल्याचा फोन आला, तोही माती झाल्यावर. आणि काही महिन्यांनी कळलं की ती बीएसए तिकडच्याच मर्डो नावाच्या एका मेंढपाळाच्या शेडमध्ये आहे आणि तो ती विकतोय. गार्थने चौसष्टाव्या वर्षी पहिला पासपोर्ट काढला. आम्हाला वाटलं, विमानतळावरूनच परत येईल. पण गेला पठ्ठ्या. आठवड्याने परत आला तेव्हा कुंपणाशी उभा राहून मला हाका मारत होता.

"व्हर्ना! अगं बाहेर ये. घेतली!"

"काय घेतलीस? बायको?"

"त्याहून बरी. पहिल्या किकला चालू झाली. आणि ऐक, तो मर्डो मला शेडमधली जमीन दाखवतो. म्हणतो, बघ, डेन्झिलने ही गाडी माझ्याकडे ठेवल्याला किती वर्षं झाली, तेलाचा एक डाग नाही. अगं, इंग्लिश गाडी आणि तेल गळत नाही! कधी ऐकलंयस?"

"नाही बाई."

"डेन्झिलचा हात आहे तो. त्याने जोडल्यापासून ते इंजिन कुणी उघडलेलं नाही. मर्डोने ब्रेक नि क्लच बदललेत, त्याशिवाय इकडे परवानगीच देत नाहीत. पण इंजिन तसंच आहे. मी ते उघडणार नाही. अशीच पर्थला नेणार."

"आणि डेन्झिल कशाने गेला, ते विचारलंस का?"

"छातीने. शेवटी शेवटी किक मारायला दम पुरत नव्हता म्हणे. ओढायचा ना सिगारेटी."

त्या दिवशी तो मला तरुण दिसला. आता निघेल हा, असं मलाही वाटलं. मी त्याच्यासाठी वाटेत खायचे फ्रूटकेक भाजायला घेतले, इतकी माझी खात्री पटली होती.

गाडी बोटीने ॲडलेडला आली आणि बंदरातल्या शेडमध्ये थांबली. तपासणीचं बोलावणं आलं. गार्थला शहरातल्या वाहतुकीची भीती वाटते, म्हणून त्याला मीच माझ्या व्हॅनमधून नेलं. शेडमध्ये डेस्पिना नावाची कस्टम्सची अधिकारी होती, माझ्या लेकीच्या वयाची. मुलगी नीट बोलणारी होती. गाडीच्या लाकडी खोक्याची एक बाजू काढलेली होती आणि आत ती गाडी उभी होती. गार्थने तिच्या टाकीवर हात ठेवला, तो काढेचना.

डेस्पिनाने ब्रेक आणि क्लचचे दाखले बघितले. ठीक आहे म्हणाली. मग नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "इंजिनच्या सांध्यांमधली पॅकिंग कधीची आहेत?"

इथे माशी शिंकली. माहीत नाही, असं म्हटलं असतं तरी त्यांनी तपासणी लावली असतीच, असं नंतर कळलं. पण हा गडी खुलला. आमच्या गावच्या माणसाला स्वतःच्या हाताने कापलेल्या पॅकिंगचा जेवढा अभिमान, तेवढा पोटच्या पोराचाही नसतो. दुकानातलं विकतचं पॅकिंग लावणारा माणूस आमच्याकडे बाप्या गणला जायचा नाही.

"माझ्या भावाने घरी कापलेली आहेत," तो म्हणाला. "वीजघराच्या स्टोअरमधून पत्रा आणला होता. म्हणजे पत्रा नव्हे, जाड पुठ्ठ्यासारखा असायचा, राखाडी. वाफेच्या पाइपांच्या सांध्यांत घालायचे तो. सगळे न्यायचे घरी. त्याच्यासारखं पॅकिंग जगात नाही. एक थेंब तेल गळत नाही!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डेस्पिनाने हातातलं पेन खाली ठेवलं.

"मिस्टर ट्रेम्बाथ, टाकीवरचा हात काढा जरा," ती म्हणाली. "तो पुठ्ठा ॲस्बेस्टॉसचा असणार."

"छे! ॲस्बेस्टॉस पाइपांवर गुंडाळायचे, ते मऊ असतं. ज्यांनी ते काम केलं ती माणसं गेली. हिचा कीथ त्यातच गेला. हे वेगळं."

कीथ माझा नवरा. आमच्या गावात ही वाटणी पक्की आहे. पाइपांवर गुंडाळणारे गेले, क्रेनवरचे वाचले, आणि जे गाव सोडून गेले ते तर सुटलेच. गार्थ क्रेनवर होता. मीही हे इतकी वर्षं धरून चालले होते, कारण कुठेतरी रेघ मारल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही.

"वेगळं नाही," डेस्पिना म्हणाली. "ते देशात आणायलाच बंदी आहे, ब्रेक-क्लच बदलायला लावतो तेही याचसाठी." मग तिने सरळ सांगितलं. एक तर परवाना असलेली माणसं इंजिन पूर्ण उघडतील आणि सगळी पॅकिंग काढून नष्ट करतील. नाही तर गाडी परत पाठवायची. नाही तर इथेच चुरडायची. तोवर ती या शेडमधून हलणार नाही.

"इंजिन उघडलं तर त्यात डेन्झिलचं काय उरलं?" गार्थ ओरडला. "त्यासाठीच तर आणली ना मी! गेल्या चाळीस वर्षांत मी एक गोष्ट मागितली, एक, आणि तिलाही तुम्ही कुलूप घालता?"

इकडे आड, तिकडे विहीर. मला त्या पोरीचा राग आला. मी तिला चार शब्द सुनावलेही. ती चिडली नाही. तिने गार्थला खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "तो पुठ्ठा कापायचे कशाने?"

"आईच्या कात्रीने. मग कडा कानशीने घासायच्या."

"धूळ उडायची?"

"उडायची तर! टेबलभर पीठ सांडल्यासारखी. आई आमच्या नावाने ओरडायची. डेन्झिल फुंकर मारायचा नि घासायचा, फुंकर मारायचा नि घासायचा."

"एकटाच करायचा?"

"एकट्याने कसं जमेल? मी धरायचो ना. समोर बसून."

हे तो हसत म्हणाला. हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे आधी विझले. मी बघत होते. त्या पोरीने पुढचा प्रश्न विचारलाच नाही. त्याची गरज नव्हती. किक मारायला दम पुरत नव्हता म्हणे, हे मर्डोचं बोलणं आम्हा दोघांच्याही कानात एकाच वेळी वाजलं असणार, कारण त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी मान वळवली. कीथच्या वेळी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की ही धूळ छातीत तीस-चाळीस वर्षं गप्प बसते आणि मग उठते. तेव्हा मी शेजाऱ्याचा विचार केला नव्हता.

"काढा," गार्थ म्हणाला. "सगळं काढा त्यातलं. मला काही नको."

त्याने सही केली. निघताना गाडीकडे एकदाही वळून पाहिलं नाही.

बाहेर येऊन आम्ही व्हॅनमध्ये बसलो. मी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरच्या रस्त्यावरून ट्रक जात होते.

"चाळीस वर्षं मी त्याच्यावर जळलो, व्हर्ना," तो म्हणाला. "तो सुटला म्हणून. शिव्या घातल्या मी त्याला. आणि तो आपलं गाव छातीत घेऊन गेला होता गं."

गार्थ घसा साफ करायला म्हणून खोकला. मग पुन्हा एकदा खोकला. आणि आम्ही दोघंही त्या खोकल्याकडे कान लावून बसून राहिलो.